खून आधी, काकू नंतर : घरगुती रहस्यकादंबरी बांधण्याची पद्धत

साठी ओलांडलेली बाई, तिची इमारत किंवा गाव, एक संशयास्पद मृत्यू, रक्तपात पडद्याआड आणि शेवटी सगळ्या गाठी सुटलेल्या. इंग्रजीत ज्याला ‘कोझी’ म्हणतात तो हा प्रकार. मराठीत तो लिहायला घेणारे बहुतेक जण एकाच जागी अडकतात. आधी काकू सुचतात: त्यांचा चष्मा, पितळेचा डबा, तिरकस बोलणं. तीन प्रकरणं मजेत होतात, चौथ्यात प्रेत सापडतं आणि आठव्याला लेखकाच्या लक्षात येतं की खून कोणी केला हे त्यालाच माहीत नाही. मग शेवटच्या वीस पानांत एखादा पुतण्या परदेशातून उगवतो.

क्रम उलटा धरला की ही अडचण येत नाही. समजायला सोपं जावं म्हणून खाली सगळीकडे एकच नमुना वापरला आहे. डोंबिवलीतली चौदा बिऱ्हाडांची, लिफ्ट नसलेली इमारत. मार्गशीर्षातली संकष्टी, रविवार. सोसायटीचे खजिनदार साठे गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या शिडीखाली मृत सापडतात. शोध घेणार इंदूकाकू, वय ६८, पोस्टाच्या बचत खिडकीवरून निवृत्त.

१. खरं काय घडलं ते आधी लिहून काढा

दोन पानं, साध्या भूतकाळात. यात काकू नकोत, संशयित नकोत, संवाद नकोत. कोणी, कोणाला, का, कसं, किती वाजता, एवढंच. वेळा मिनिटांत टाका.

६:०५ – सूर्यास्त.
७:०० – पंप चालू होतो, पण टाकीत पाणी चढत नाही.
७:१० – साठे टॉर्च घेऊन गच्चीवर जातात. मोबाइल घरी चार्जिंगला. गच्चीचा दिवा चार दिवसांपासून गेलेला.
७:१५ – सेक्रेटरी करंदीकर मागोमाग. सिंकिंग फंडाची (मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटीने राखलेल्या निधीची) मुदत ठेव परस्पर मोडल्याचा जाब साठे विचारतात. झटापट, धक्का.
७:२५ – करंदीकर साठ्यांचाच टॉर्च घेऊन खाली येतात, पंप बंद करतात आणि सवयीने टॉर्च पंपाच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवतात.
७:५० – कोपऱ्यावर भोईरांच्या रिक्षात बसून भजनाला. पावणेदहापर्यंत तिथेच.
८:५० – चंद्रोदय.
१०:०० – प्रेत सापडतं. साडेदहाला पोलीस. गच्चीवर तोवर लख्ख चांदणं.

आता खुन्याचं खोटं. टॉर्च खाली खिळ्याला आहे, तर साठे अंधारात शिडी का चढले, असं पोलीस विचारणारच. करंदीकर सांगतात: “पावणेआठला मी मागच्या गल्लीतून निघालो, तेव्हा ते शिडी चढताना दिसले. चांदणं होतं की, टॉर्च कशाला?” एकाच वाक्यात टॉर्चची भानगड मिटली आणि पावणेआठला माणूस जिवंत होता हेही ठरलं. त्यानंतर तर ते चारचौघांत होते.

पावणेआठला चंद्र उगवलेलाच नव्हता. मग ही चूक त्यांच्याकडून का झाली? कारण त्या रात्री पोलिसांबरोबर त्यांनी गच्ची पाहिली ती चांदण्यात. जबाब मनात रचताना तेच चित्र डोळ्यांसमोर आलं. खुन्याच्या चुकीला असं कारण लागतं. ‘घाईत विसरला’ एवढ्यावर भागवलंत तर वाचक पुस्तक मिटताना नाक मुरडतो.

*तपासा:* वेळापत्रक पुरं झाल्यावर प्रत्येक वस्तूसमोर ‘हे कोणी केलं?’ असं विचारत जा. वरच्या यादीत ‘पंप कोणी बंद केला?’ हा प्रश्न पहिल्या खर्ड्यात विचारायचा राहूनच जातो. पण त्याच्या उत्तरातून एक सुगावा फुकट मिळतो. पंप ७:२५ ला थांबला असेल, तर पाणी चढतंय का ते पाहायला पावणेआठला कोणी शिडी चढणार नाही. शिवाय ७:१५ ला पंपाची घरघर चालू होती म्हणून पडल्याचा आवाज कोणाला आला नाही, हेही आपोआप बसतं.

२. आता काकू घडवा, पण तीन याद्यांतून

स्वभावचित्र नंतर रंगवा. आधी या तीन याद्या.

*त्यांना काय येतं?* एकच खरं, पगारी किंवा घरगुती कौशल्य, जे पोलिसांकडे नाही. इंदूकाकूंनी तीस वर्षं सह्या ताडून पाहिल्या आहेत. दुसरं ज्ञान रोजच्या जगण्यातलं: त्या संकष्टी करतात, म्हणजे चंद्रोदयाची वेळ त्यांच्या पोटाला ठाऊक असते. रहस्य याच दोन गोष्टींनी सुटलं पाहिजे. ‘बायकांना सगळं कळतं’ हे कौशल्य नव्हे. चोरून ऐकणं हेही नव्हे. तीनतीन दारांआडून काकूंच्या कानावर महत्त्वाचं बोलणं पडत असेल, तर शोध काकू घेत नसून भिंती घेत आहेत.

*त्यांना कुठे शिरता येतं?* संकष्टी रविवारी धरली तर पुढे मार्गशीर्षातले दोन गुरुवार उरतात. महालक्ष्मीच्या गुरुवारचं हळदीकुंकू म्हणजे एका संध्याकाळी चार संशयितांच्या बैठकीच्या खोल्या. मात्र काकू विधवा असतील तर नीट विचार करा. काही घरं आता आवर्जून बोलावतात, काही अजूनही बोलावत नाहीत. हे गुळमुळीत ठेवू नका. नमुन्यात तीन घरांतून निमंत्रण येतं, करंदीकरांच्या घरून सासूबाईंमुळे येत नाही. त्या घरातली माहिती मग धुणंभांडी करणाऱ्या बाईकडून मिळवावी लागते, आणि ती तुकड्यातुकड्यांनी येते. बंद दार कथेला उघड्या दारापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

*त्यांना काय जमत नाही?* गुडघे. शिडी चढणं. रात्रीचं बाहेर पडणं. बँकेत जाऊन दुसऱ्याचे कागद मागणं. प्रत्येक ‘नाही’साठी मदतनीस हवा, आणि त्याला त्यात स्वतःचा काही रस हवा. टाकीवर चढायला भोईरांचा बारा वर्षांचा नातू चालतो, कारण त्याला तसंही वर पतंग अडकलाय का ते पाहायचंय.

*सावध:* पहिल्या पन्नास पानांत गुडघे दुखणारी काकू कळसाला जिन्यावरून पळाली, तर तो वाचकाशी केलेला करारभंग आहे. औषधाचा डबा दाखवलात तर गोळ्यांच्या वेळाही सांभाळा.

३. संशयित पाच, सहाव्याचा मोह टाळा

प्रत्येकासाठी तीन रकाने: खून करण्याचं कारण, संधी आणि खुनाशी संबंध नसलेलं एक गुपित. तिसरा रकानाच कादंबरी पुढे नेतो. निरपराध माणूस खोटं का बोलतो, तर त्याला दुसरंच काहीतरी झाकायचं असतं. मिरजकरांनी फ्लॅट गुपचूप विकायला काढलाय. लोबो रात्री गच्चीवर सिगारेट ओढतो, बायकोला सांगितलंय सोडली म्हणून. हे गुपित उघडलं की तो माणूस यादीतून वगळला जातो आणि वाचकाला काहीतरी हाती लागल्यासारखं वाटतं.

नावांचा घोळ मराठीत फार होतो. देशपांडे, देशमुख आणि देसाई एकाच इमारतीत ठेवू नका. आद्याक्षरं वेगळी ठेवा. एकाच माणसाला निवेदनात ‘करंदीकर’, बायकोच्या तोंडी ‘अहो’, शेजाऱ्यांच्या तोंडी ‘विनूकाका’ आणि आईच्या तोंडी ‘बाळ’ म्हटलं की वाचक चार माणसं मोजतो. संवादात काहीही चालेल, निवेदनात शेवटपर्यंत एकच नाव.

४. सुगावे पेरणं

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. हातघाईवर आलेला लेखक सुगावा एकतर लपवून ठेवतो (काकू ‘काहीतरी’ पाहतात आणि गूढ हसतात) किंवा त्याच्यावर दिवा लावतो (‘टॉर्च खिळ्यालाच होता हे पाहून काकूंच्या कपाळाला आठी पडली’). पहिल्यात फसवणूक आहे, दुसऱ्यात पोरखेळ. काकूंना जे दिसलं ते वाचकाला त्याच क्षणी दिसलंच पाहिजे, फक्त त्याचं लक्ष दुसरीकडे असलं पाहिजे.

आधी एका मोठ्या कागदावर तक्ता आखा. डावीकडे सुगावे, वर प्रकरणांचे क्रमांक. प्रत्येक सुगाव्याला चार खुणा लागतात: कुठे पेरला, कशाखाली झाकला, पुन्हा कुठे ओझरता आला आणि कुठे उलगडला. निर्णायक सुगावे तीन पुरेत: टॉर्च, चंद्र, सही. पंप चौथा, आधाराला. निर्णायक सुगावा उलगड्याआधी किमान दोनदा यायला हवा, आणि दोन्ही वेळा वेगळ्या निमित्ताने.

झाकणं म्हणजे काय, ते जवळून पाहा. हा नमुन्यातला तिसऱ्या प्रकरणाचा तुकडा, प्रेत सापडण्याच्या आधीचा:

> “साबुदाण्याचं नाव काढू नकोस, मला पित्त होतं,” इंदूकाकू म्हणाल्या आणि कालनिर्णयाच्या चौकोनाला चष्मा टेकवला. “आठ पन्नास. म्हणजे अजून तासभर बाप्पा परीक्षा बघणार.” मोदक झाकून ठेवले होते, वास झाकता येत नव्हता. पंपाची घरघर केव्हाच थांबली होती. एवढ्यात बेल वाजली. मिरजकरांची सून, हातात रिकामी वाटी. साखर हवी होती. परवाच नेली होती.

यात चंद्रोदयाची वेळ आहे. ‘अजून तासभर’मुळे आत्ता साधारण पावणेआठ-आठ वाजलेत हेही आहे. पंप थांबल्याचंही आहे. पण वाचक काकूंच्या भुकेला हसतो आणि ‘परवाच नेली होती’पाशी थबकतो. ही बाई सारखी का येते? (तिला फ्लॅट पाहायला आलेल्या दलालापासून शेजाऱ्यांचं लक्ष वळवायचं आहे. सुटल्यावर हा धागाही पटला पाहिजे.)

झाकण्याच्या तीन जागा भरवशाच्या आहेत. एक, यादीच्या मध्ये: पंपाच्या खोलीत ‘रंगाचा डबा, खिळ्याला टॉर्च, गणपतीच्या माळा, मोडकी खुर्ची’. दोन, व्यत्ययाच्या लगेच आधी, वर बेल वाजते तशी. तीन, विनोदाच्या आत. प्रकरणाच्या शेवटच्या ओळीत कधीच नको. ती ओळ वाचक दोनदा वाचतो.

*सावध:* सुगाव्याला दुसरं सोपं स्पष्टीकरण उरलं की तो मेला. गच्चीचा दिवा चालू असेल तर चांदण्याचं खोटं निरुपद्रवी ठरतं. साठ्यांच्या खिशात मोबाइल असेल तर टॉर्चला अर्थ नाही. समोरच्या इमारतीचा फ्लडलाइटही आठवा. गेटवरच्या सीसीटीव्हीत काय दिसतं हे पोलीस पहिल्याच दिवशी पाहणार. त्यात जिना येत नाही, हे पाचव्या प्रकरणापर्यंत सांगून मोकळे व्हा. आणि मोसम जपा. श्रावण-भाद्रपदात आभाळ असतं, चांदण्याची बाजी लागत नाही. मार्गशीर्ष ते फाल्गुन बरा.

*तपासा:* प्रत्येक चकव्याला, म्हणजे वाचकाला चुकीच्या वाटेवर नेणाऱ्या सुगाव्याला, स्वतःचं खरं कारण आहे का? नुसता घाबरवायला ठेवलेला चकवा नंतर थट्टा वाटतो.

विष वापरायचं असेल तर दोन शब्द. कण्हेर कडू असते, कीटकनाशकाला उग्र वास असतो. ‘कोणाला कळलंच नाही’ असं सहज लिहू नका. मात्रा आणि कृती मात्र लिहूच नका. कथेला लक्षणं आणि वेळ लागते, प्रमाण लागत नाही.

५. प्रकरणांची आखणी

५० ते ५५ हजार शब्द धरा, डेमी आकारात साधारण दोनशे पानं. तीस प्रकरणं, प्रत्येकी १,७०० च्या आसपास.

प्रेत चौथ्या प्रकरणाच्या पुढे जाऊ देऊ नका. ‘अपघात’ हा शब्द आठव्यापर्यंत डळमळीत व्हावा. पंधराव्याला काकूंचा पक्का संशय चुकीचा ठरावा, आणि त्याची किंमत कोणीतरी मोजावी. नमुन्यात लोबोची सिगारेट बायकोला कळते आणि ती आठ दिवस काकूंशी बोलत नाही. चोविसाव्यानंतर नवा सुगावा येता कामा नये. सत्ताविसावं ते एकोणतिसावं उलगडा, तिसावं आवराआवर.

६. पोलीस आणि कायदा

इथे टीव्हीवर विसंबलात तर फसाल. असा मृत्यू झाल्यावर आधी ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते, पंचनामा होतो, मृतदेह शवविच्छेदनाला जातो. गरज वाटली तर व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवतात. खुनाचा गुन्हा नंतर दाखल होऊ शकतो. या मधल्या ढिल्या दिवसांतच काकूंना वाव आहे.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. त्यानंतरच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. त्याआधीची गोष्ट असेल तर भारतीय दंड विधानाचं ३०२. हवालदाराच्या तोंडी मात्र ‘तीनशे दोन’ राहिलं तरी खोटं वाटणार नाही, जिभेला वळण लागायला वेळ लागतो.

तपासातल्या चौकशीसाठी बाईला तिच्या राहत्या घराव्यतिरिक्त दुसरीकडे यायची सक्ती करता येत नाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९). तिची तयारी असेल तर ती ठाण्यात जाऊ शकते, ते वेगळं. ही तरतूद लेखकाला वरदान आहे. इन्स्पेक्टरला काकूंच्या घरी यावं लागतं, खुर्चीत बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो. माहिती दोन्ही बाजूंनी सांडते. पण त्यांना ‘अहो साहेब’ म्हणू द्या. पहिल्याच भेटीत ‘बाळा’ नको. ते सातव्या भेटीला आलं तर शोभतं.

*सावध:* इन्स्पेक्टरला मूर्ख करू नका. त्याच्यापाशी वेळ कमी आणि फाइली जास्त आहेत, एवढं पुरतं.

७. उलगडा

सगळ्यांना एका खोलीत का बोलावलं, हे मराठी लेखकाला फार अवघड जायला नको. सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. विषयपत्रिका: साठ्यांनंतरचा सोसायटीचा हिशेब. सगळे संशयित सभासद म्हणून येतात, करंदीकरांना तर यावंच लागतं. गणसंख्येवरून पाच मिनिटं वाद होऊ द्या.

क्रम असा ठेवा: आधी टॉर्च, मग पंप, मग चंद्र, शेवटी सही. पहिल्या तिघांनी करंदीकर खोटं बोलले एवढंच ठरतं. ठेव मोडण्याच्या अर्जावरची साठ्यांची सही बनावट आहे, हे कारण आणि कागद दोन्ही देतं. साठे ‘ठे’ची मात्रा सगळ्यात शेवटी, उजवीकडून डावीकडे फटकारून देत, अर्जावर ती डावीकडून सावकाश काढलेली आहे. काकूंनी हे सतराव्या प्रकरणात मेंटेनन्सच्या पावतीवर, गमतीत, पाहिलेलं असतं. बनावट सहीचा अर्ज सभेच्या आदल्या दिवशीच बँकेतून पोलिसांकडे यायला हवा. तो काकूंच्या पिशवीतून निघाला तर वाचक विचारेल, आला कुठून?

खुनी भर सभेत रडून कबूल होतो, हा शेवट टाळा. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम २३), आणि शेजाऱ्यांसमोरच्या कबुलीला आधार लागतो. करंदीकरांनी नुसतं म्हणावं, “चंद्राचं काय घेऊन बसलात?” आणि सभेतल्या उपास करणाऱ्या सहा बायकांनी एकाच वेळी वर पाहावं.

उलगडा २,५०० शब्दांच्या पुढे जात असेल तर सुगावे कमी पेरलेत आणि आता भाषण देताय.

८. तपासणीचं वाचन

तीन वाचक निवडा, त्यांतला किमान एक संकष्टी करणारा. हस्तलिखित सव्विसाव्या प्रकरणापर्यंतच द्या. त्यांनी एका चिठ्ठीवर खुन्याचं नाव आणि कारण लिहायचं. तिघांनीही करंदीकर लिहिलं तर एखादा सुगावा उघडा पडला आहे; कुठल्या पानावर कळलं ते विचारा आणि तेवढंच पान झाका. कोणीच लिहिलं नाही तर उरलेली प्रकरणं द्या आणि मग विचारा, “आधी कळायला हवं होतं असं वाटलं का?” ‘हो’ आलं तर काम झालं. ‘कसं कळणार होतं?’ असं आलं तर तक्त्याकडे परत.

दुसऱ्या खर्ड्यात रंगीत पेन्सिली घ्या. टॉर्च लाल, चंद्र निळा, सही हिरवी. पानं उलटताना एखादा रंग दहा प्रकरणं दिसलाच नाही, तर तिथे एक ओझरता उल्लेख घाला.

शेवटी पंचांग. खरं साल दिलं असेल तर त्या सालच्या त्या संकष्टीचा चंद्रोदय त्याच गावासाठी पाहा. वेळ साधारण रात्री आठ ते दहाच्या मध्ये येते, पण दर महिन्याला आणि गावागावाला बदलते. कथा डोंबिवलीतून नागपूरला हलवलीत तर चंद्र सुमारे २५ मिनिटं आधी उगवतो. म्हणजे आठ पन्नासचे आठ पंचवीस होतात, काकूंचा ‘अजून तासभर’ चुकतो, आणि पंप, रिक्षा, भजन सगळं पुन्हा बसवावं लागतं.